समितीने मंजूर केलेला दृष्टान्त

आमच्या ल्यूथरन मंडळीच्या प्रकाशन समितीत मला घेतलं, त्याला दोन कारणं होती. समितीत एक बाई असावी असं वरून पत्र आलं होतं, आणि माझं अक्षर चांगलं आहे. पहिलं कारण अध्यक्षांनी ठरावात लिहायला लावलं, दुसरं तोंडी सांगितलं. ठराव अर्थातच मी लिहिला. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आयुष्यभर मराठी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. निवृत्त शिक्षिका ही अशी वस्तू आहे की ती कोणत्याही समितीत चालते. चहा येईपर्यंत ती लिहीत बसते आणि चहा आला की कप मोजते.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीत जे काही बांधलं गेलं त्यावर कोनशिला बसली असणार, आणि पुस्तकाकडेही ते त्याच नजरेने पाहत. आधी नाव कुठे येणार ते ठरवायचं, मग बाकीचं बांधकाम. दुसरे डॉक्टर. औषधाचे नव्हेत, धर्मशास्त्राचे. ते पुण्याहून यायचे, आल्या आल्या परतीच्या गाडीची वेळ विचारायचे. तिसरे आमचे पाळक. वय पस्तिशीचं, आठ गावं एका मोटरसायकलवर सांभाळणारे, आणि बैठकीत बहुतेक वेळ डोळे उघडे ठेवण्याच्या खटपटीत. चौथी मी.

काम साधं होतं. नवापूरच्या डोंगराकडच्या पाड्यांवर पाळक महिन्यातून एकदाच पोचतात. उरलेल्या रविवारी लोकांना घरी वाचता यावं म्हणून एक पुस्तक काढायचं. त्यात दर रविवारचा शास्त्रपाठ, त्याखाली अर्धं पान समजावून सांगितलेलं, शेवटी मुलांसाठी प्रश्नोत्तरं. एवढ्यासाठी दोनच गोष्टी ठरवायच्या होत्या. पुस्तक लोकांना परवडलं पाहिजे, आणि त्यातली वचनं विश्वास ठेवण्याजोग्या भाषांतरातली असली पाहिजेत.

परवडण्याचा प्रश्न अध्यक्षांनी आपल्यापुरता आधीच सोडवला होता. याआधीचं पुस्तकही त्यांच्याच काळातलं. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आत चकचकीत कागद, आणि किंमत अशी की शेतमजुराची दिवसभराची मजुरी दिली तरी वर थोडे पैसे द्यावे लागत. ते पुस्तक विकलं जायचं ते लग्नात भेट द्यायला. रनाळ्याला आमच्या एका नातेवाइकांकडे मी ते पाहिलं आहे. फळीवर, घड्याळाच्या शेजारी, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा अध्यक्ष खूश झाले.

"बघा," ते म्हणाले, "लोकांनी किती आदराने ठेवलंय."

भाषांतराचा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटला. अध्यक्षांना जुनं भाषांतर हवं होतं, कारण ते भारदस्त आहे. भारदस्त म्हणजे काय हे त्यांना सांगता आलं नसतं. ते भाषांतर त्यांनी शेवटचं कधी उघडलं होतं, हेही नसतं सांगता आलं. डॉक्टरांना एक नवं, सोप्या मराठीतलं हवं होतं. त्याच्या शेवटच्या तपासणीत ते स्वतः बसले होते, आणि ते छापायला परवानगीचा एक पैसा लागणार नव्हता.

"म्हणजे फुकट?" अध्यक्षांनी विचारलं.

"पूर्णपणे."

"मग तेवढ्यात आवरणावर सोनेरी करता येईल."

तर देवाचं वचन कोणत्या शब्दांत छापायचं हे आमच्याकडे असं ठरलं. मी इथे हसते आहे, पण त्या दिवशी मीही हात वर केला होता. मला नवं भाषांतर आवडलं होतं. वाक्यं छोटी, ओघ चांगला, जोडाक्षरं कमी. चौथीच्या वर्गात वाचायला दिलं तर कोणी अडखळणार नाही, असा विचार मी केला. तीस वर्षं मुलं अडखळतात कुठे एवढंच बघत आले. काय वाचतात ते बघायची सवयच राहिली नव्हती.

फक्त एक सूचना मी केली. छापण्याआधी पाड्यावर जाऊन चार पानं लोकांना वाचून दाखवावीत.

"लोकांना काय कळणार, बाई," अध्यक्ष म्हणाले. "लोकांना कळावं म्हणून तर आपण छापतोय."

डॉक्टर हसले. पाळक त्या वेळी जागे होते. ते म्हणाले, "येत्या रविवारी माझी फेरी आहे. बाई, तुम्ही खांडबाऱ्याला उतरा, मी घ्यायला येतो."

रविवारी सकाळच्या गाडीने मी खांडबाऱ्याला उतरले. तिथून पाळकांच्या मोटरसायकलवर मागे बसून, प्रुफांची पिशवी मांडीवर धरून, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका पाड्यावर गेले. पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, एका भिंतीला लाकडी क्रूस. तीसेक माणसं होती, त्यात बायकाच जास्त. बाकीचे ऊसतोडीला गेलेले. उपासना मराठीत झाली, आणि लोक शाळा तपासायला साहेब आल्यासारखे शांत बसून होते. उपासनेनंतर पाळकांनी कोकणीत, म्हणजे गोव्याच्या नव्हे तर तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, सूचना सांगितल्या. कोणाच्या घरी प्रार्थना आहे, कोणाचं बाळ आजारी आहे. तेव्हा सगळ्यांच्या माना हलल्या, दोघी हसल्या, एकीने उत्तर दिलं. मी ते पाहिलं आणि त्याचा काहीही अर्थ लावला नाही.

मग मी वाचलं. माझ्या वर्गातल्या आवाजात, शब्द तोडून तोडून. निवडला होता तो द्राक्षमळ्याच्या मालकाचा दृष्टान्त. मालक सकाळी मजूर ठरवतो, दुपारी आणखी ठरवतो, संध्याकाळीही काही जणांना कामावर घेतो, आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. मजूर माणसांना मजुरीची गोष्ट, असा माझा हिशेब. वाचून झाल्यावर मी विचारलं, "कळलं का?"

"कळलं," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं, 'भाषा सुलभ. श्रोत्यांना समजली.' ती वही अजून माझ्याकडे आहे. फाडावीशी वाटली होती, पण असू दे म्हटलं.

दाराजवळ एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल, अंगाने सुकलेली, पदर डोक्यावर. सगळ्या उठायला लागल्या तरी ती बसून राहिली.

"बाई," ती म्हणाली, "ते संध्याकाळचं परत वाच."

मला अरेतुरेची सवय नव्हती. पाळकांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वाचा. यांना ऐकायचंय." मी परत वाचलं. संध्याकाळी मालक बाहेर पडला तेव्हा त्याला काही रिकामटेकडे लोक दिसले, त्याने त्यांनाही मळ्यात पाठवलं.

"माझ्या चोपडीत असं नाही," ती म्हणाली.

तिने शेजारची खताची पिशवी उघडली, आतून दुसरी पिशवी काढली आणि त्यातून एक जुनं गुजराती बायबल बाहेर काढलं. पाठ फाटलेली, वर चिकटपट्टी लावलेली. ती लहानपणापासून सुरतेकडे मजुरीला जायची. तिथेच बांधकामावरच्या एका रखवालदाराच्या बायकोकडून ती गुजराती अक्षरं शिकली होती आणि ते पुस्तक तिथल्याच एका मंडळीतून स्वस्तात घेतलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की एक मजूर बाई माझं प्रूफ तपासते आहे.

"गुजराती भाषांतर वेगळं असेल," मी म्हणाले.

"वेगळं कसं? देवाने गुजरातला एक सांगितलं आणि महाराष्ट्राला दुसरं?"

बायका परत खाली बसल्या. तिने पान शोधलं, बोट ठेवलं आणि तिच्या मराठीत सांगायला लागली. मालक त्या लोकांना विचारतो की दिवसभर असे का उभे आहात. ते सांगतात की आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही.

"हे उत्तर तुझ्या कागदात कुठे आहे?"

मी कागद पाहिला. उत्तर नव्हतं. प्रश्नही नव्हता.

"बाई, मी नाक्यावर उभी राहिलीय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "सकाळी सहाला जायचं. मुकादम येतो, जवान पोरं आधी उचलतो. मग गडी. पोर कडेवर असलेली बाई शेवटी. दहा वाजले, बारा वाजले. दुकानवाला म्हणतो, इथून सरक. तरी उभं राहायचं, कारण कोण जाणे, कोणाला अर्ध्या दिवसाला माणूस लागेल. संध्याकाळी परत जाताना लोक बघतात आणि म्हणतात, हे बघ रिकामटेकडे. तुझ्या चोपडीत देव पण तेच म्हणतो?"

दुसरी एक बाई म्हणाली, "मग आळशाला फुकट पैसे दिले असं झालं ना ते. असा कुठला शेठ?"

"असं नाही ते," दाराजवळची म्हणाली. "ते कामालाच आले होते. त्यांना कोणी घेतलं नाही. त्याने घेतलं."

मघाशी सगळ्यांना 'कळलं' होतं ते हेच. आळशांना फुकट मजुरी वाटणारा एक खुळा मालक. तो त्यांनी ऐकून घेतला होता आणि शाळेत जसं म्हणतात तसं 'कळलं' म्हणाल्या होत्या. आमच्या मंडळीत ज्या शिकवणीवर सगळा भार आहे, की देव माणसाची कमाई बघून देत नाही, ती आम्ही एका ओघवत्या वाक्यात बुडवायला निघालो होतो.

घरी आल्यावर जुनं भाषांतर काढलं, शेजारणीकडून आणखी एक आणलं. दोन्हींत प्रश्न होता, उत्तरही होतं. फक्त आमच्या फुकटच्या, सोप्या भाषांतरात नव्हतं. 'रिकामटेकडे' हा शब्द मी किती वेळा लिहिला आहे ते त्या दिवशी मला आठवत राहिलं. दिवाळीनंतर पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, हजेरीचे रकाने कोरे पडायचे, आणि शेऱ्याच्या जागी मी लिहायची, 'पालक रिकामटेकडे, शिक्षणाकडे लक्ष नाही.' ऊस तोडणाऱ्या माणसांना. तेही वळणदार अक्षरात.

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मूळ भाषेतल्या शब्दाचा अर्थ काम नसलेले, असाच आहे," ते म्हणाले. "रिकामटेकडे चूक म्हणता येणार नाही."

"काम नसलेले आणि रिकामटेकडे एक नाहीत, सर. आणि मजुरांचं उत्तर कुठे गेलं?"

त्यांनी आपली प्रत उघडली. पान उलटलं, परत मागे आले, तळटीप पाहिली. ज्या भाषांतराच्या तपासणीत हे गृहस्थ बसले होते त्यातला तो परिच्छेद ते पहिल्यांदाच वाचत आहेत, हे समोर बसलेल्या कोणालाही दिसलं असतं.

"संक्षेप केलाय," ते शेवटी म्हणाले. "वाचकाला ओघ मिळावा म्हणून. हे तुम्हाला कोणी दाखवलं?"

"पाड्यावरच्या एका बाईंनी. मजुरी करतात."

डॉक्टर अध्यक्षांकडे पाहून हसले. कोणी दाखवलं हे कळल्यावर त्यांच्यापुरता प्रश्न संपला होता.

अध्यक्षांनी टेबलाखालून एक गुंडाळी काढली आणि उलगडली. आवरण छापून झालं होतं. सोनेरी अक्षरं, आणि मागच्या बाजूला कोट घातलेले स्वतः अध्यक्ष. आतली पानं अजून ठरायची होती, पण फोटो तयार होता.

"आता एका शब्दासाठी हे सगळं थांबवू?"

"एका शब्दासाठी नाही, साहेब. गोष्टच उलटी होते."

तेव्हा त्यांची सभेची मराठी गळून पडली आणि घरची अहिराणी बाहेर आली. "बाई, तुमले काय समजस यामा? डॉक्टरसाहेब शिकेल माणूस शे. मी काय येडा शे का?"

पाळक उठून उभे राहिले. ते बैठकीत उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"त्या बाई माझ्यापेक्षा जास्त वाचतात," ते म्हणाले. "आणि हे पुस्तक मी माझ्या आठ गावांत वाचणार नाही."

मतं दोन विरुद्ध दोन पडली. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत वापरलं, म्हणजे स्वतःला दोनदा मोजलं, आणि दृष्टान्त मंजूर झाला. माझा विरोध नोंदवावा असं मी म्हणाले. ठरावाच्या नमुन्यात तशी जागा नाही, असं मला सांगण्यात आलं.

पाळक आणि मी तिथून चालत बाजारात गेलो. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं छापणारा एक प्रेसवाला पाळकांच्या ओळखीचा होता. कपाळाला गंध, टेबलावर गणपती. त्याने आमचं म्हणणं ऐकलं आणि कागद न घेता बोटावर सांगितलं. सोळा पानांचा एक फर्मा, एकरंगी, वेगळं आवरण नको, पहिलं पान तेच आवरण, मधे दोन पिना. एका वेळी तीन महिन्यांचे पाठ. कागद साधा. किंमत खांडबाऱ्याच्या बाजारात चहा-भजी खाल्ल्याइतकी पडत होती. मी म्हणाले फुकटच वाटू. पाळक नको म्हणाले.

"फुकट कागद बाजारात किती येतात माहितीये? सगळ्यांत भजी बांधतात. विकत घेतलेलं माणूस पिशवीत ठेवतो."

राहिली जुन्या भाषांतराची परवानगी. ती महाग पडेल, असं समितीत सगळे धरून चालले होते. ते भाषांतर छापणाऱ्या संस्थेला मी एक साधं पत्र लिहिलं, इतके उतारे, इतक्या प्रती, पुस्तिका कोणासाठी ते सगळं. आठवड्यात उत्तर आलं, परवानगी आहे, फक्त कुठून घेतलं ते छापा. समितीतल्या कोणी कधी विचारलंच नव्हतं.

जुनी मराठी अवघड होती, ते खरं. म्हणून वचन जसंच्या तसं ठेवलं आणि समजावणीचं अर्धं पान पाळकांनी सोपं लिहिलं. प्रुफं मी पाड्यावर नेली. ती बाई देवनागरी हळू वाचायची, गुजरातीत नाही, मग वर रेघ कशाला ओढता म्हणून कुरकुरायची. एका गुडघ्यावर गुजराती बायबल, दुसऱ्यावर माझं प्रूफ, आणि दोन्ही ओळींवर दोन बोटं. तिला तीन चुका सापडल्या. त्यातल्या दोन मी दोनदा तपासून सोडलेल्या पानांवर होत्या.

"तुझं लक्ष नाही," ती म्हणाली. हेच वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं.

अध्यक्षांचं पुस्तक ठरल्या दिवशी प्रकाशित झालं. फीत कापली, शाली दिल्या, आणि डॉक्टरांनी सर्वसामान्यांच्या भाषेवर पाऊण तास अशा मराठीत भाषण केलं की सर्वसामान्य जेवणाकडे बघत राहिले. पाड्यावरचं कोणी आलं नव्हतं. त्यांना निमंत्रण गेलंच नव्हतं. पुस्तकं मग पाहुण्यांना भेट द्यायला उपयोगी पडली.

आमची पुस्तिका उपासनेनंतर आणि बाजाराच्या दिवशी विकली गेली. फार मोठा गाजावाजा झाला नाही, पण तीन महिन्यांत प्रेसवाल्याकडे परत जावं लागलं. ऊसतोडीला जाणारी माणसं ती पिशवीत घालून घेऊन गेली. एक जण फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी, रात्री सगळ्यांना वाचून दाखवतो, असा निरोप आला. मोलगीकडच्या एका पाळकांनीही प्रती मागवल्या. वर्षाच्या अहवालात अध्यक्षांनी मला लिहायला सांगितलं, 'समितीच्या प्रेरणेने अल्प दरातील पुस्तिकाही काढण्यात आली.' ते वाक्य मी लिहिलं नाही. राजीनामा लिहिला. तो त्यांनी न वाचता मंजूर केला. त्यांच्या पद्धतीला धरूनच झालं ते.

पुस्तिका आवडली का, असं मी त्या बाईला विचारलं. कौतुक ऐकायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू.

"अक्षर बारीक आहे," ती म्हणाली. "दिव्याला वाचता येत नाही. पिना गंजल्या. आणि पाळकसाहेबांनी जे खाली लिहिलंय ते आम्हाला समजवायला लिहिलंय ना? मग आमच्या बोलीत का नाही?"

"कोकणीत लिहायला मला येत नाही."

"तुला मराठी पण शिकवलंच असेल ना कोणीतरी."

आता महिन्यातून दोनदा मी जाते. तिच्या अंगणात खाट टाकलेली असते. पाळक एक वाक्य सांगतात, ती ते तिच्या बोलीत म्हणते, शेजारणी त्यावर भांडतात, आणि जे उरतं ते मी लिहिते. लिहिताना माझा हात आपोआप शब्द सुधारायला जातो, शाळेतल्यासारखा. ती वाकून वहीत बघते, बोट ठेवते आणि म्हणते, "मी असं नाही बोलले. खोड ते." मी खोडते.